खोली नंबर चौदाचा फळा

फळा पुसला की पुसला जातो, असा समज जगातली पहिली शाळा भरली तेव्हापासून चालत आलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि चुकीचा आहे हे सिद्ध करण्याचं पातक माझ्या नावावर आहे.

मी निनाद ठोसर. करंजगड विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तीस वर्षं उपकरणं सांभाळली. प्राध्यापक नव्हतो. प्राध्यापकांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करून देणारा, आणि ती कुणी बिघडवली हे न विचारण्याइतका शहाणा माणूस होतो. आता सहासष्टावं चालू आहे. गुडघे बोलतात आणि शेजारी काय बोलतात ते ऐकू येत नाही, त्यामुळे एकूण बरं चाललंय.

मागच्या महिन्यात जुई आली. जुई हेर्लेकर, आमच्या हेर्लेकरबाईंची मुलगी. तीस वर्षांची आहे, पूल बांधते. लष्करी राजवटीनं बाईंना पकडून नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढे सांगलीला मावशीकडे वाढली. मी दर दिवाळीत तिकडे जाऊन यायचो. पहिल्या वर्षी तिच्यासाठी विभागातून मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक नेला होता, आणि तिनं त्याखाली आधी चिवडा ठेवून बघितला होता.

चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, “काका, जुनी इमारत पाडतायत. पुढच्या सोमवारी.”

“पेपरात वाचलं.”

“तुमचं यंत्र अजून चालतं?”

“चालवलं तर चालतं.”

“मला चौदा नंबरच्या फळ्यावर आईचा शेवटचा तास बघायचाय.”

तिनं कप खाली ठेवला.

“मी आईची फाईल वाचलीय. राजवट गेल्यावर सगळ्यांना आपापल्या माणसाच्या फायली मिळाल्या, तशी मलाही मिळाली. इतकी वर्षं उघडली नव्हती. वर्गात बावीस मुलं होती, काका. फळ्यावरचा सगळा मजकूर आईच्या एकटीच्या अक्षरात. कुणा मुलाचं एक अक्षर नाही. म्हणजे सगळं तिनं एकटीनं लिहिलं आणि एकटीनं अंगावर घेतलं. घरी नऊ वर्षांची पोर आहे, तिला दुसरं कुणी नाही, हे तिला एकदा तरी आठवलं का? मला तेवढंच बघायचंय. नसेल आठवलं तर नसेल. पण मला कळू दे.”

“फळ्यावर ते कसं दिसेल, जुई?”

“दिसणार नाही, मला माहिताय. तरी बघायचंय.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि एक विचित्र गोष्ट आहे. फाईलमध्ये आठ पानं एका चष्म्यावर आहेत. शेजारच्या राणेआजोबांना नेताना त्यांचा चष्मा रस्त्यात पडला होता. तो मी उचलला होता. आईला सांगितलंसुद्धा नव्हतं. आणि चौकशीत आई म्हणते, चष्मा मी उचलला आणि विहिरीत टाकला. तिला कसं कळलं?”

फाईल तिनं पूर्ण वाचली होती. सुदैवानं, किंवा माझ्या भ्याडपणाला साजेसं म्हणा, त्या फाईलमध्ये यंत्र चालवणाऱ्याचं नाव नव्हतं. नुसतं ‘तंत्रज्ञ’ असं होतं.

यंत्राची मूळ कल्पना बाईंचीच. दोन हजार छत्तीस साल असेल. त्या एके सकाळी गोणपाटात बांधलेल्या वीस-पंचवीस दगडी पाट्या घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आल्या. कुठल्याशा खेड्यातल्या शाळेच्या माळ्यावर सापडल्या होत्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. कल्याणी हेर्लेकर, इतिहास विभाग. बुटक्या, दम्याच्या, आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय न ठेवणाऱ्या.

“ठोसर, या पाट्यांवर पोरांनी काय लिहिलं होतं, सांगाल?”

“बाई, ते पुसलंय.”

“पुसलंय हे मलाही दिसतंय. न पुसलेलं मी वाचते. पुसलेलं कोण वाचणार, म्हणून तुमच्याकडे आले.”

तर विज्ञान एवढंच आहे. माणूस लिहितो तेव्हा हात दाब देतो. पेन्सिलीखालचा दगड दबतो, अगदी किंचित, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. फडकं पूड पुसतं, दाब पुसत नाही. अशा दगडावर अगदी तिरप्या कोनातून लेझरचा किरण फिरवला, तर दबलेल्या जागेवरून तो जरा वेगळा परततो. एका कोनातून काही कळत नाही. हजारो कोनांतून मोजलं आणि संगणकाला मानवी हाताची वळणं शिकवली, की तो त्या गोंधळातून रेघ वेगळी काढतो. कुठली रेघ किती जोरात ओढली, तेही आकड्यात सांगतो. यात नवं तत्त्व काही नव्हतं. चिकाटी होती, आणि ती बाईंची होती. दोन वर्षं त्या रोज येऊन स्टुलावर बसत आणि मला ‘आज तरी?’ एवढंच विचारत.

पहिली पाटी उघडली तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. खिडकीबाहेर बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. पडद्यावर आधी बारा चोक अठ्ठेचाळीस आलं. मग त्याच्या खालून हळूहळू एक शेळी आली. शेळीला मिशा होत्या, आणि खाली ‘गुरुजी’ असं लिहिलं होतं. बाई इतक्या हसल्या की त्यांना दम लागला आणि मला पंप शोधायला पळावं लागलं. आमचा शिपाई दादू सणगर दारात उभा होता. त्याला मात्र हसू आलं नाही.

“सायेब, ह्ये काय बरं न्हवं,” तो म्हणाला. “पुसल्यालं वर काढू न्हाई मानसानं. पुसलं कशापायी आसंल त्या पोरानं? मार चुकवायलाच की.”

आम्ही दोघं शिकलेली माणसं त्याला हसलो. त्या दिवसांइतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही. दुपारी कँटीनची भजी, बाईंच्या नव्या नव्या पाट्या, आणि जगात पुसलेलं काहीच खरोखर जात नाही असा आनंद. तो आनंद मी पुढे एका निबंधात लिहिला. बढतीसाठी निबंध लागत होता. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘ही पद्धत खडूच्या फळ्यांनाही लागू पडेल, ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यांना तर अधिकच.’

ते वाक्य खरं होतं. शाळेचा खडू म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. कोरडं पुसलं तर दाबलेली पूड हळूहळू झडून जाते. ओलं पुसलं तर वरची पूड जाते, पण दगडाच्या छिद्रांत दाबून बसलेली तिथल्या तिथे विरघळते आणि वाळताना घट्ट होऊन बसते. म्हणजे फळा स्वच्छ दिसतो आणि मजकूर आत पक्का होतो. मी हे बाईंना उत्साहानं समजावलं होतं. “जे शेवटी लिहिलं आणि जे जोरात लिहिलं, ते यंत्राला आधी दिसतं, बाई. त्यानं खालचं झाकलं जातं.” त्यांनी ते विद्यार्थ्यासारखं वहीत उतरवून घेतलं होतं.

एकोणचाळीस साली राजधानीत रणगाडे आले. सहा महिन्यांत निवडणुका घेतो म्हणाले आणि सात वर्षं राहिले. आमच्या कुलगुरूंच्या खुर्चीत एक कर्नल येऊन बसला, त्या पदाला ‘कुलप्रशासक’ असं भारदस्त नाव मिळालं. राज्यशास्त्र विभाग बंद करून तिथे धान्य भरलं. मग निष्ठापत्रं आली. प्रत्येकानं वाचून ‘मान्य आहे’ असं लिहून सही करायची. मी केली. नाव, हुद्दा, आणि कुणी न मागता तारीखसुद्धा घातली. हेर्लेकरबाईंनी ते वाचलं, आणि वह्या तपासताना घालायच्या तशी तिरपी सही करून वर ‘पाहिले’ असा शेरा मारला. कारकुनानं तो गठ्ठ्यात टाकला. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्राध्यापक एकेक करून जाऊ लागले. सकाळी जीप यायची. दुपारपर्यंत खोलीवरची नावाची पाटी निघालेली असायची आणि वेळापत्रक सुधारून लागलेलं असायचं. कुणी मोठ्यानं विचारत नसे. गणिताचे राणेसर गेले ते एवढ्याच कारणावरून, की विभागातल्या माजी प्रमुखांच्या यादीतून नेलेल्या माणसांची नावं खोडायला त्यांनी नकार दिला. चार वर्षांतले ते अकरावे. बाईंच्या शेजारीच राहायचे. जुई त्यांना आजोबा म्हणायची.

प्रत्येक वर्गात छतावर बोटभर डबी बसवली होती. बोललेला शब्द न् शब्द तिच्यातून जायचा, लगेच कागदावर उतरायचा आणि संगणक त्यात नको ते शब्द शोधायचा. स्मार्ट फळ्यांवर लिहिलेलंही तसंच. फोन फाटकावर जमा. राहिला तो जुन्या इमारतीतल्या खोली नंबर चौदाचा फळा. काळ्या कडप्प्याच्या फरशा घासून भिंतीत बसवलेला, विद्यापीठाइतकाच जुना. त्याला ना वायर, ना डोळा. बाईंनी आपले तास तिथे मागून घेतले.

आणि मग तिथे तोंडानं एक आणि हातानं एक असं शिकवणं सुरू झालं. डबीसाठी बाई तोंडानं मध्ययुगातला शेतसारा सांगत. त्याच वेळी फळ्यावर दुसराच इतिहास चाललेला असे, चालू वर्षांचा. दर शनिवारी बावीस मुलं एकेक करून फळ्यापाशी जात आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहीत. कुणाला नेलं, कधी, कुठून, गाडीचा नंबर काय. बाईंचा नियम एकच होता. ऐकीव लिहायचं नाही, पाहिलंय तेच लिहायचं. कागदावर काही ठेवता येत नव्हतं, म्हणून ते पाठ राहावं यासाठी उजळणी. आपण पाढ्यांची करतो तशी. दर शनिवारी प्रत्येकानं तीच ओळ, फळ्यावरच्या आपल्या ठरलेल्या जागी पुन्हा लिहायची.

एकाच जागी दाब साचवत नेण्याची ही चूक मास्तर लोकांशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. चोर एकाच वाटेनं दोनदा जात नाही. पण शिकवणाऱ्या माणसाला उजळणीशिवाय चैन पडत नाही, आणि मुलं आपापल्या जागेवर नसली तर त्याला वर्ग भरल्यासारखा वाटत नाही. त्या फळ्यावर बावीस जागा होत्या. तेविसावी उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. शनिवारी शाळा अर्धा दिवस, त्यामुळे जुई आईबरोबर यायची आणि व्यासपीठाच्या कडेला बसून त्या कोपऱ्यात फुलं काढायची.

हे मला दादूकडून कळलं. मी बाईंना गाठलं.

“बाई, फळा ओल्या फडक्यानं पुसता?”

“मग काय? कोरड्या धुळीनं तास संपायच्या आधी मी संपेन, ठोसर.”

“माझा निबंध आठवतो ना?”

त्या गालात हसल्या. मग म्हणाल्या, “तुमचा निबंध तुम्ही, मी आणि परीक्षक सोडून कुणी वाचला असेल, असं वाटतं का तुम्हाला?” चिडवायची संधी त्या सोडत नसत. पण त्या दिवसापासून त्या वर्गाबाहेर पडल्यावर दादू आत जाऊन घोंगडीच्या तुकड्यानं फळा कोरडा पुसू लागला.

निबंध चौथ्या माणसानं वाचला होता. एका शुक्रवारी मला कुलप्रशासकांनी बोलावलं. कर्नल सामंत. सभ्य माणूस, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

“तुमचा निबंध वाचला, ठोसर. सुंदर आहे. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.” चहात साखर घालून तो ढवळत राहिला. “खोली चौदाबद्दल आमच्याकडे कुजबुज आहे, पुरावा नाही. सोमवारी तुम्ही तिथे यंत्र लावा. तुमच्याशिवाय ते चालवणारं कुणी आहे?”

“नाही, सर.”

यंत्र बंद पडलंय, असं म्हणता आलं असतं. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, ते एक बिघडवता आलं नाही. भ्यालो होतो. याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही.

एवढं मात्र केलं की खाली येऊन दादूला गाठलं आणि म्हटलं, बाईंना सांग, सोमवारी चौदात यंत्र लागणार. फळा फोडणं किंवा खरवडणं शक्य नव्हतं. दारावर पहारा बसला होता, आणि खरवडलेला फळा म्हणजे सगळ्या वर्गानं दिलेली कबुली झाली असती. दादू अर्ध्या तासानं परत आला.

“सांगितलं. बाई म्हनल्या, बरं.”

“एवढंच?”

“आनि म्हनल्या, उद्याच्या तासाला घोंगडं नगं. पान्याची बादली भरून ठेव.”

मला त्यांचा राग आला. इतकं समजावून सांगितलेलं, आणि ऐन वेळी भीतीनं सगळं विसरल्या. शनिवारी माझ्या खिडकीतून चौकापलीकडच्या चौदा नंबरच्या खिडकीत मी पाहत राहिलो. मुलं नेहमीसारखी एकेक करून फळ्याशी आली, गेली. बाई बराच वेळ फळ्यापाशी पाठमोऱ्या होत्या. मग त्यांनी फडकं बादलीत बुडवलं आणि सगळा फळा सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओला पुसला. शेवटी उजव्या कोपऱ्याशी खाली वाकल्या. मला पुढे बघवलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

सोमवारी कर्नल माझ्या मागे उभा होता. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. नावं, तारखा, गाड्यांचे नंबर, तेवीस नोंदी. सगळ्या बाईंच्या टपोऱ्या, जरा डावीकडे झुकलेल्या अक्षरात. कर्नलनं बावीस मुलांच्या उत्तरपत्रिका आणवल्या होत्या. त्याच्या माणसांनी अक्षरं ताडून पाहिली. एकही जुळलं नाही.

“सगळं एकाच हाताचं?”

“हो, सर.”

“आणि ही रेघांच्या कडेला सावली दिसतेय, ती काय आहे?”

“यंत्राचा दोष आहे, सर.”

मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं, की तसं वाटून घेणं सोयीचं होतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मंगळवारी सकाळी जीप आली. मुलांना दोन दिवस बसवून ठेवून सोडून दिलं. बाई पुढे दोन वर्षं कैद्यांच्या छावणीत होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि पंप मिळाला नाही. राजवट संपलेली बघायला त्या वर्षभरच कमी पडल्या. पंप मिळाला असता तर ते वर्ष त्यांनी कसंही काढलं असतं. अशा होत्या बाई.

रविवारी जुई आणि मी चौदात गेलो. दुसऱ्या दिवशी इमारत पाडणार होते. खोलीत मोडके बाक रचले होते, छतावर डबीचा गोल डाग होता. बाहेर बुचाचं झाड तेवढं तसंच होतं. यंत्र लावून झालं, आणि माझा हात बटणापाशी थांबला.

“जुई, आधी एक सांगायचंय. मागं हा फळा ज्यानं वाचला तो तंत्रज्ञ मी होतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर गेली. मी खिडकीतून पाहत होतो. ती झाडाखाली उभी होती, जवळजवळ तासभर. मला वाटलं, आता ही अशीच निघून जाईल, आणि ते रास्त होईल. एकवीस दिवाळ्या मी त्या पोरीच्या घरचा फराळ खाल्ला होता.

ती परत आली. डोळे लाल होते, आवाज कोरडा होता.

“तुम्ही नाही म्हणाला असतात, तर दुसऱ्या कुणी चालवलं असतं?”

“नाही. मला एकट्यालाच येत होतं.”

“बरं,” ती म्हणाली. अगदी बाईंसारखं. “सुरू करा.”

एकवीस वर्षांत यंत्राचं डोकं पुष्कळ सुधारलं आहे. तेव्हा एकावर एक पडलेल्या रेघांचा गोळा व्हायचा. आता वरची रेघ बाजूला काढून तिच्याखालची वेगळी दाखवता येते. मी वरचा थर निळा केला. बाईंचं अक्षर आलं. ते बघूनच जुईनं तोंडावर हात धरला. मग मी खालचा थर तांबडा केला.

प्रत्येक निळ्या रेघेखाली एक तांबडी रेघ होती. तेच शब्द, त्याच जागी, पण वेगळं अक्षर. कुठे बारीक, कुठे गिचमिड, कुठे उजवीकडे पळणारं. बावीस जागा आणि बावीस हात. कर्नलला मी यंत्राचा दोष म्हणून सांगितलेली सावली ती हीच.

“काका, हे एकाच दिवसाचं आहे?”

“दोन्ही थरांच्या मध्ये पुसल्याची खूण नाही. मुलांनी लिहिलं, आणि न पुसता त्यावर लगेच बाईंनी...”

“गिरवलंय,” जुई म्हणाली.

लहानपणी आपण बाईंनी काढून दिलेली अक्षरं गिरवतो. इथे बाईंनी मुलांची गिरवली होती. बावीसच्या बावीस, शब्द न् शब्द, खडू जोरात दाबून, आपल्या वळणात. आधीच्या शनिवारांचे दाब त्याच जागी होते, तेही त्याखाली गेले. आणि मग वरून पाणी. जे शेवटी लिहिलं आणि जे जोरात लिहिलं ते आधी दिसतं, खालचं झाकलं जातं, आणि पाण्यानं ते पक्कं होतं. माझ्याकडून शिकलेली ती एक गोष्ट त्यांनी तंतोतंत वापरली होती. मी त्यांना विसराळू समजून खिडकी लावून घेतली होती. मला तिथेच त्या मोडक्या बाकावर रडू आलं. एवढा मोठा माणूस, नाक पुसायला रुमाल नव्हता.

जुई मात्र पुढे सरकत होती, एकेक जागा बघत. उजव्या कोपऱ्यापाशी ती गुडघ्यावर बसली.

“हे कुणाचं?”

मी किरण खाली घेतला. आधी फुलं आली, पाच पाकळ्यांची, कितीतरी. मग निळ्या अक्षरात एक ओळ: ‘राणे आजोबांना जीपमधून नेलं. त्यांचा चष्मा पडला. तो मी उचलला.’ तिच्याखाली तांबडी ओळ. अक्षर मोठं, शिरोरेघ वरखाली.

जुईनं पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “मला वाटायचं, मी इथे फक्त फुलं काढायचे. सगळे लिहायचे, म्हणून मीही लिहिलं असेन. पाहिलंय तेच.” आणि मग, “आत्ता आठवतंय. ते चष्मा शोधायला घरी आले होते. मी कंपासपेटीत लपवला होता. आई दारात उभी राहून ओरडून सांगत होती, विहिरीत टाकला, मी टाकला.”

पडद्याच्या कडेला दाबाचे आकडे होते. जुई अभियंता आहे, तिची नजर तिकडे गेलीच. बाकी बावीस ठिकाणी आकडा चाळीसच्या आसपास होता. या ओळीवर एक्याण्णव. ‘उचलला’च्या मधोमध रेघ तुटली होती आणि पुन्हा सुरू झाली होती. खडू मोडला असणार, आणि बाईंनी दुसरा घेतला असणार. जमिनीपासून दोन फुटांवर, दम्याच्या बाईनं, वाकून.

“एक्याण्णव,” जुई म्हणाली. तिनं तो आकडा दोनदा म्हटला. तिचा प्रश्न मला आठवत होता, पण तिनं तो पुन्हा विचारला नाही.

तिनं पर्समधून खडू काढला. कुठून आणला होता कोण जाणे, मी विचारलं नाही. पडद्याकडे बघत, काळ्या दगडावर बोटानं जागा चाचपत, तिनं ती ओळ गिरवली. आधी आईची वळणं तिला जमेनात, मग जमली. गिरवून झाल्यावर ती उठली आणि मी यंत्र पुसायला आणलेलं कोरडं फडकं तिनं हातात घेतलं.

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

“ओल्यानं पूस, बाळ,” मी म्हटलं.